खटका नाही बसला तरी चालेल

चाकू हवा असलेला माणूस सांगलीच्या बाजारात जातो, शंभराची नोट मोडतो आणि संध्याकाळी त्याच चाकूने कांदा चिरतो. तुमचं तसं नाही. तुम्हाला हाताने घडवलेला, स्वतःच्या पंजाच्या मापाचा, उघडलेलं पातं मिटू न देणारा खटका पाठीला असलेला घडीचा चाकू हवा आहे. जाणकार त्याला ‘लॉकबॅक’ म्हणतात आणि तुमच्या सौ. ‘आता हे काय नवीन’ म्हणतात. अशा चाकूसाठी आधी कारागीर निवडावा लागतो. तो कसा निवडावा, हे ज्ञान मी चौदा महिने आणि एक भक्कम अ‍ॅडव्हान्स मोजून मिळवलं आहे. तुम्हाला फुकट देतो.

सर्वांत आधी फोटो पाहा. चाकूचे राहू द्या, कारागिराचे पाहा. दाढी, चामड्याचा एप्रन, मागे भट्टीच्या ठिणग्या. ठिणग्या जितक्या जास्त तितकी श्रद्धा वाढवा. (घडीच्या चाकूचं बरंचसं काम कानस, ड्रिल आणि पॉलिश पेपरवर होतं, पण तासन्‌तास कानस घासणाऱ्या माणसाचं रील कोण बघणार?) चाकूचा फोटो असलाच तर तो उघडा, तिरपा आणि एखाद्या जुन्या नकाशावर ठेवलेला असावा. मिटलेल्या चाकूचा वरून काढलेला फोटो चुकूनही मागू नका. त्यात पातं मुठीच्या बरोबर मधोमध बसतंय की एका अंगाला घासतंय हे दिसतं, आणि असलं काही दिसलं की संबंधांत कटुता येते.

मग घराणं विचारा. ‘आमचे पणजोबा तलवारी घडवायचे’ हे वाक्य आलं की पुढचे सगळे प्रश्न गिळून टाका. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमची वाघनखं २०२४ साली तीन वर्षांच्या बोलीवर साताऱ्यात आली. अफझलखानाच्या वेळची ती हीच, असं खात्रीने सांगता येत नाही, हे त्या म्युझियमने स्वतःच सांगून टाकलं आहे. एवढी मोठी संस्था, पण छाती नाही. तुमच्या कारागिराला आपल्या पणजोबांबद्दल तिळमात्र शंका नसते. खरोखरचं घराणं बघायला मिरजेला मात्र जाऊ नका, हिरमोड होईल. शस्त्रांची निगा राखणारे तिथले शिकलगार एकोणिसाव्या शतकातच वारं ओळखून सतारी-तंबोऱ्यांकडे वळले. त्या वाद्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. गाणाऱ्याची पट्टी विचारून त्या मापाचा तंबोरा करून देतात, पण त्याला ‘कस्टम’ म्हणायचं असतं हे काही त्यांना इतक्या पिढ्यांत सुचलं नाही.

पोलादाबद्दल असा प्रश्न विचारा की उत्तरात आकडा येईल. डी२. ४४०सी. ५२१००. हा शेवटचा आकडा म्हणजे बेअरिंगचं पोलाद, साधारण एक टक्का कार्बन आणि दीड टक्का क्रोमियम. कुपवाडच्या एमआयडीसीत एखाद्या टर्नरला ‘एन ३१’ म्हणालात तर त्याला लगेच कळेल, कारण जवळपास तेच ते. पण त्या नावाला भाव नाही. गंज चढतो का, हे विचारू नका. चढतो. पेरू कापून पातं न पुसता मिटलंत तर दुसऱ्या दिवशी पेरूची आठवण पात्यावर शिल्लक असते. आणि आकडा कळला म्हणजे पातं कळलं, असं धरून चाला. पाणी कसं दिलं (म्हणजे पातं तापवून, विझवून कडक कसं केलं), तेलात विझवल्यावर पातं दोनशे अंशांच्या आसपास पुन्हा तापवून त्याचा ठिसूळपणा काढला का, काढला तर किती तास, कडकपणा यंत्रावर मोजला की ‘साठ आहे’ असं नुसतं तोंडाने मोजलं, असले प्रश्न शंकेखोर लोक विचारतात. पाणी बिघडलं तर उत्तमातलं पोलादही विळीपुढे मान खाली घालतं, ही गोष्ट त्यांनाच लखलाभ.

आता खटका. इथे आपलं अज्ञान विशेष जपायचं, कारण खटका समजायला दोन मिनिटं पुरतात आणि समजला की कारागीर निवडण्यातली सगळी मजा जाते. मुठीच्या पाठीत एक पट्टी असते, मधोमध पिनेवर तोललेली, बागेतल्या सी-सॉसारखी. तिच्या शेपटीखाली कमान, म्हणजे स्प्रिंग. पातं पूर्ण उघडलं की कमान शेपटीला वर रेटते, पट्टीचं पुढचं टोक खाली जातं आणि पात्याच्या मुळाशी कापलेल्या खाचेत बसतं. पाठीवर अंगठा दाबला की टोक खाचेतून उचललं जातं आणि पातं मिटतं. बस, एवढंच.

कसब सगळं त्या खाचेत आहे. टोक पाचरीसारखं किंचित निमुळतं हवं आणि त्याने खाचेच्या भिंती घट्ट धरायला हव्यात. भिंती धरण्याआधीच ते खाचेच्या तळाला टेकलं, तर उघडलेलं पातं वर-खाली हलतं. केसाइतकंच. हा केस डोळ्यांना दिसत नाही, फोटोत तर नाहीच नाही, पण चाकू हातात घेतल्याबरोबर बोटांना कळतो. म्हणून ‘एकदा येऊन हातात घेऊन बघा’ म्हणणारा कारागीर ताबडतोब बाद करा. सांगलीहून एसटीने दोन तासांत पोचता येतं असा तर मुळीच नको. कुरिअरखेरीज गाठच पडणार नाही असा निवडा.

आणखी एक बारकावा. जोर लावून मूठ आवळली की तळहात पाठीवरची ती पट्टी दाबू शकतो, आणि मग पातं स्वतःच्याच बोटांवर मिटतं. म्हणून समजूतदार लोक पट्टीवर नेमक्या त्या जागी हलकासा खळगा घासून ठेवतात. माझ्या चाकूच्या चित्रात तो नव्हता. विचारल्यावर ‘डिझाइनची रेषा स्वच्छ ठेवली आहे’ असं कळलं. मी माफी मागितली.

‘सोनार, शिंपी, कुलकर्णी अप्पा, यांची संगत नको रे बाप्पा’ ही म्हण ज्याने केली, त्याने चाकूवाल्याकडे कधी अ‍ॅडव्हान्स भरला नसावा. ‘दोन महिन्यांत देतो’ म्हणणारा हलका समजावा. ‘सध्या ऑर्डर घेत नाही’ म्हणणारा अस्सल. त्याला विनवण्या करा, कुणाची तरी ओळख लावा आणि तो उपकार म्हणून हो म्हणाला की निम्मे पैसे त्याच रात्री पाठवा. तो दिवाळीचा वायदा करील. कोणती दिवाळी, हे विचारणं असभ्यपणाचं आहे. माझ्या बाबतीत आधी भट्टी बिघडली, मग ग्राइंडर, मग त्याचा अंगठा, मग प्रेरणा. अंगठा सगळ्यांत लवकर बरा झाला. आणि हो, भावात घासाघीस अजिबात करू नका. कलावंताचं मन दुखावतं. घासाघीस करायला आपल्याकडे दुसरी माणसं आहेत.

मुठीला शिसवी लाकूड किंवा म्हशीचं शिंग घ्या. सांबरशिंगाच्या वाटेला जाऊ नका, १९७२ चा वन्यजीव कायदा आहे (एवढा एक सल्ला खरा धरा). आणि चाकू खिशात टाकून राजवाड्यावर किंवा गणपती पेठेत मिरवायचा विचार असेल, तर महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खालचा बंदी आदेश चालू आहे का ते आधी बघा. सणासुदीला, निवडणुकीला तो निघतोच, आणि त्यातल्या ‘सुरे’ या शब्दापुढे ‘हस्तनिर्मित वगळून’ असं लिहिलेलं नसतं.

माझा चाकू चौदाव्या महिन्यात आला. मखमली पिशवी, सहीचं कार्ड, पात्यावर तेलाचा हात. उघडला. टक्‌ असा गोड आवाज आला आणि पातं हललं. केसाइतकं. कारागिराला लिहिलं. तीन आठवड्यांनी उत्तर आलं, की हाताने केलेल्या वस्तूत जीव असतो. जीव असला म्हणजे हालचाल आलीच, हे मला पटलं. हरिपूरला संगमावर जाऊन एक पेरू कापला. कापायला एक मिनिट लागलं, पुसायला दहा.

पुढे गावी गेलो तेव्हा बाजाराच्या दिवशी आमच्या लोहारमामांना तो दाखवला. दाखवलाच फक्त, सल्ला विचारला नव्हता. मामा ट्रकच्या जुन्या कमानपाट्यांचे ऊसतोडीचे कोयते करतात, त्यांची वेटिंग लिस्ट नाही, दाढी आहे पण ती वेळ मिळाला नाही म्हणून. त्यांनी चाकू उघडला, मिटवला, मग डोळे मिटून पुन्हा उघडला.

‘‘ह्ये टोक खाली टेकतंय बगा. भिताडाला धरंना झालंय.’’

‘‘मग?’’

‘‘मग काय? पिन काडून टोकाला चार हात कानस मारतो. बसंल. फुडल्या बाजाराला या.’’

किती घेणार म्हणून विचारलं, तर म्हणाले, पन्नास.

तुमच्यावर अशी वेळ आली तर लगेच हो म्हणू नका. चाकू उचला आणि चार पावलं पुढं चालायला लागा. तीसवर येतात.