मामांच्या गोळ्या बंद करणाऱ्या मेसेजला उत्तर

चार महिन्यांपूर्वी माझ्या मामांना अटॅक आला, अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट बसला. परवा मामीचा फोन आला, "अगं, आठ दिवस झाले, यांनी सगळ्या गोळ्या बंद केल्यात." कारण काय, तर सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळींच्या ग्रुपवर आलेला मेसेज. मी अकरा वर्षं मेडिकलच्या काउंटरवर उभी आहे आणि हाच मेसेज लोक मला मोबाइल पुढे करून दाखवतात. आता लिहितेच.

मेसेज म्हणतो: रक्त पातळ करायच्या गोळ्यांनी रक्ताचं पाणी होतं. कोलेस्टेरॉलची गोळी स्नायू खाते, मधुमेह देते. बीपीची गोळी एकदा लागली की सुटत नाही. म्हणून सगळं बंद करा आणि लसूण, आलं, लिंबू, व्हिनेगर, मधाचा काढा घ्या. तीन आठवड्यांत ब्लॉकेज मोकळे.

जिवावर बेतणारा मुद्दा पहिलाच. "रक्त पातळ" या आपल्या बोलण्यातल्या शब्दानेच घोळ केलाय. अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेलने रक्ताचं पाणी होत नाही. प्लेटलेट, म्हणजे रक्तातल्या बारीक पेशी, एकमेकींना चिकटून गुठळी धरतात, ते चिकटणं या गोळ्या रोखतात. स्टेंट म्हणजे धातूची जाळी. तिच्यावर रक्तवाहिनीचं आतलं अस्तर चढेपर्यंत तिथे गुठळी धरण्याची भीती जास्त. म्हणून अटॅकनंतर बहुधा वर्षभर दोन्ही गोळ्या चालू ठेवतात. चौथ्या महिन्यात मनानेच त्या सोडल्या तर स्टेंट अचानक तुंबू शकतो. माणूस दगावतो त्यात! हे न सांगता "बंद करा" लिहिणाऱ्याचा मला संताप येतो.

या गोळ्यांनी अ‍ॅसिडिटी होते, अंगावर निळे डाग पडतात, क्वचित पोटात रक्तस्राव होतो, हे खरं. शौचाला डांबरासारखं काळं झालं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आणि हृदयविकार नसलेल्यांनी उगाच रोज अ‍ॅस्पिरिन घेऊ नये, हेही मान्य.

कोलेस्टेरॉलची गोळी, म्हणजे स्टॅटिन. यकृतात कोलेस्टेरॉल तयार होणं ती कमी करते, मग यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढून घेतं. अंगदुखीबद्दल लंडनच्या इम्पीरियल कॉलेजचा २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला सॅमसन अभ्यास बघा. त्यातल्या ६० जणांनी त्रास होतो म्हणूनच आधी स्टॅटिन सोडलं होतं. त्यांना वर्षभरात आलटूनपालटून चार महिने खरी गोळी, चार महिने तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी, चार महिने काहीच नाही. त्रासाला रोज शंभरपैकी गुण द्यायचे. गोळी नसताना सरासरी ८, खोट्या गोळीवर १५.४, खऱ्या गोळीवर १६.३. त्रास त्यांना खरोखरच होत होता, पण बराचसा गोळीच्या धास्तीने. ही धास्ती असले मेसेजच पेरतात.

साखर थोडी वाढू शकते, विशेषतः आधीच काठावर असलेल्यांची. स्नायूंना खरी इजा फार क्वचित होते. जोराच्या अंगदुखीबरोबर लघवी गडद झाली तर दाखवायलाच हवं.

बीपीच्या गोळीचं व्यसन लागत नाही. गोळीचा असर ओसरतो, बीपी मात्र तिथेच असतं, म्हणून रोज घ्यायची. मेटोप्रोलॉलसारखी गोळी तर एकदम बंद करूच नये. छातीत दुखणं उसळू शकतं.

काढ्याबद्दल फार लिहीत नाही. ब्लॉकेज रक्तवाहिनीच्या भिंतीतच असतो, चरबी आणि कॅल्शियमचा. सिंकमधला कचरा नव्हे तो, व्हिनेगरने सुटायला. लसूण भाजीत खुशाल घाला.

मामांना खोदून विचारलं तेव्हा कळलं, त्यांचा वैताग कोरड्या खोकल्याचा होता. रात्र रात्र झोप नाही. त्यांच्या बीपीच्या गोळीने, रामिप्रिलने, असा खोकला होतो, हे दुकानात रोज दिसतं. त्याच दिवशी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. बाकीच्या गोळ्या सुरू झाल्या आणि रामिप्रिलऐवजी टेल्मिसार्टन मिळाली.

मग मेसेज पाठवणाऱ्या काकांना फोन केला. त्यांनाही स्टेंट आहे, आणि सोमवारपासून तेही नुसत्या काढ्यावर आहेत. दुकान बंद करून आज त्यांच्याकडे जातेय.