‘कंपनी आलीच नसती, तर कर कुठून मिळाला असता?’ : एका लोकप्रिय दाव्याचा प्रतिवाद

तळेगावला येऊ घातलेला, वेदांत समूह आणि तैवानची इलेक्ट्रॉनिक्स कंपनी फॉक्सकॉन यांचा सेमीकंडक्टर (इलेक्ट्रॉनिक चिप) प्रकल्प सप्टेंबर २०२२ मध्ये गुजरातला गेला, तेव्हापासून एक मजकूर मराठी वाचकांमध्ये फिरतो आहे. एखादा मोठा उद्योग परराज्यात गेल्याची बातमी आली की तो नव्याने वर येतो. त्यातील म्हणणे थोडक्यात असे : अमेरिकेतील राज्ये कंपन्यांना अब्जावधी डॉलरची टॅक्स क्रेडिट्स (देय करातून थेट वजा होणाऱ्या रकमा) देतात, कारण त्यात सरकारी तिजोरीतून काहीच जात नाही. दिलेली सवलत नोकऱ्यांमधून थोड्याच वर्षांत वसूल होते. नोकऱ्या दिल्या नाहीत तर सवलतही मिळत नाही, म्हणजे जोखीम कंपनीची. सवलतीशिवाय कंपनी आलीच नसती, तर कर तरी कुठून मिळाला असता? शेजारचे राज्य देते म्हणून आपल्यालाही द्यावेच लागते. आणि उद्योगांचे प्रतिनिधी या कायद्यांसाठी जे लॉबिंग, म्हणजे आमदारांकडे पाठपुरावा, करतात, ते आमदारांना माहिती पुरवण्यापुरतेच असते.

हा मजकूर पुढे पाठवणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही; मुलांना आपल्याच जिल्ह्यात काम मिळावे ही त्यांची तळमळ खरी आहे. परंतु ज्या अमेरिकेचा दाखला ते देतात, तेथील नोंदी उघडून पाहिल्या तर यातील एकही विधान जसेच्या तसे टिकत नाही. विशेष म्हणजे त्यासाठी सर्वांत उपयोगी पडणारी हकिकत फॉक्सकॉनचीच आहे.

तिजोरीतून काही जात नाही, या विधानापासून सुरुवात करू. २६ जुलै २०१७ रोजी व्हाइट हाउसमध्ये घोषणा झाली की फॉक्सकॉन विस्कॉन्सिन राज्यात एलसीडी पडद्यांचा कारखाना उभारेल, १,००० कोटी डॉलर गुंतवील आणि १३,००० नोकऱ्या देईल. राज्याने बदल्यात सुमारे ३०० कोटी डॉलरचा लाभ देऊ केला. त्यांतील २८५ कोटी टॅक्स क्रेडिटचे होते आणि उरलेले बांधकाम साहित्यावरील विक्रीकराच्या माफीचे. येथे एक बारकावा समजून घेणे आवश्यक आहे. विस्कॉन्सिनमध्ये कारखानदारीच्या उत्पन्नावरील राज्याचा कर आधीच्याच एका सवलतीमुळे जवळजवळ शून्यावर आलेला होता. जो कर द्यायचाच नाही त्यातून वजावट तरी कशी मिळणार? म्हणून फॉक्सकॉनसाठी केलेल्या कायद्यातील क्रेडिट परताव्याच्या स्वरूपाचे ठेवले होते, म्हणजे देय करापेक्षा क्रेडिट जास्त झाल्यास फरकाची रक्कम राज्याने कंपनीला रोख द्यायची. वेतनावरील क्रेडिटचा दर १७ टक्के होता आणि कंपनीने सरासरी वार्षिक वेतन ५३,८७५ डॉलर सांगितले होते. हिशेब मांडला तर त्या सरासरी वेतनाच्या एका कामगारामागे वर्षाला सुमारे ९,१५९ डॉलर राज्य देणार, असे निघते. भांडवली खर्चावरील १५ टक्के त्याहून वेगळे. हे पैसे शाळा, रस्ते आणि दवाखाने ज्या निधीतून चालतात त्याच निधीतून जायचे होते. फरक इतकाच की शाळेच्या अनुदानावर प्रत्येक अर्थसंकल्पात चर्चा होते, तर कायद्यात बसलेले क्रेडिट वर्षानुवर्षे आपोआप चालू राहते. खर्च तो खर्चच. त्याची जागा बदलली म्हणून तो नाहीसा होत नाही.

सवलत थोड्याच वर्षांत वसूल होते, हे दुसरे विधान. विस्कॉन्सिनच्या विधिमंडळाला हिशेब करून देणारे एक निःपक्ष वित्तीय कार्यालय आहे. विधेयक चर्चेत असतानाच त्याने लेखी कळवले होते की राज्याने दिलेली रक्कम करांच्या रूपाने भरून निघायला २०४२-४३ हे आर्थिक वर्ष उजाडेल. हा अंदाजही सर्व १३,००० नोकऱ्या आणि त्यांच्या अनुषंगाने निर्माण होणाऱ्या आणखी २२,००० नोकऱ्या ठरल्याप्रमाणे आल्या तरचा. शिवाय कारखान्याची जागा इलिनॉय राज्याच्या सीमेपासून जवळ होती. दहा टक्के कामगार जरी सीमेपलीकडून ये-जा करणारे निघाले, तरी ही मुदत आणखी दोन वर्षे पुढे जाईल, असे त्याच टिपणात नमूद होते. हे माहीत असूनही विधेयक संमत झाले आणि १८ सप्टेंबरला राज्यपाल स्कॉट वॉकर यांनी त्यावर सही केली. घोषणेपासून सहीपर्यंत आठ आठवडेही लागले नाहीत. पंचवीस वर्षांचे ओझे इतक्या घाईने उचलले जाते, याचे मला सर्वांत जास्त वाईट वाटते.

जोखीम कंपनीची असते, या विधानात तथ्याचा अंश आहे आणि तो मान्य केला पाहिजे. विस्कॉन्सिनच्या करारात नोकऱ्यांची किमान संख्या ठरलेली होती. २०१८ अखेर २६० नोकऱ्यांचा पहिला टप्पासुद्धा फॉक्सकॉनला गाठता आला नाही, त्यामुळे त्या वर्षाचे वेतन-क्रेडिट मिळाले नाही. नंतर राज्यपाल टोनी एव्हर्स यांच्या प्रशासनाने पुढच्या वर्षाच्या क्रेडिटचा दावा नाकारला आणि एप्रिल २०२१ मध्ये नवा करार झाला, ज्यात लाभाची कमाल मर्यादा ८ कोटी डॉलर आणि नोकऱ्यांचा आकडा १,४५४ एवढाच उरला. अटी लिहून घेतल्या म्हणूनच राज्याचे बरेच पैसे वाचले.

पण राज्य वाचले म्हणजे सगळे वाचले असे नाही. माउंट प्लेझंट ही सुमारे २७,००० वस्तीची नगरी. तिने आणि ती ज्या रॅसीन काउंटीत (जिल्ह्यात) येते त्या काउंटीने या प्रकल्पासाठी ७६.४ कोटी डॉलरची आर्थिक जबाबदारी पत्करली आणि जमीन, पाणी, मलनिस्सारण यांवरील खर्च कारखाना उभा राहण्याआधीच सुरू झाला. शेतजमिनी घेतल्या गेल्या, राहती घरे पाडली गेली. जे विकायला तयार नव्हते त्यांच्या परिसराला २०१८ मध्ये नगरीच्या मंडळाने ‘जीर्ण व बकाल’ ठरवले, कारण तसे ठरवल्याने सक्तीने संपादन करणे सोपे होते. आजूबाजूला हिरवी शेते, नीट रंगवलेली घरे, आणि कागदावर मात्र बकाल वस्ती. भूसंपादनाच्या नोटिसा ज्यांनी आपल्या अंगणात वाचल्या आहेत, त्या आपल्याकडील शेतकऱ्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. नोकऱ्या न आल्यास कंपनीचे क्रेडिट थांबते. पाडलेले घर आणि काढलेले कर्ज मात्र परत फिरत नाही.

शिवाय प्रत्येक कायद्यात अशी अट असते असेही नाही. वॉशिंग्टन राज्याने नोव्हेंबर २०१३ मध्ये विशेष अधिवेशन भरवून बोइंगसाठी २०४० पर्यंतची सुमारे ८७० कोटी डॉलरची करसवलत मंजूर केली. नवे विमान राज्यातच बांधण्याची अट त्यात होती, पण एकूण किती नोकऱ्या टिकवायच्या याची नव्हती. पुढच्या काही वर्षांतच त्या राज्यातील बोइंगच्या नोकऱ्या दहा हजारांहून अधिक घटल्या आणि सवलत मात्र चालू राहिली.

आता ‘आलीच नसती’ या मुद्द्याकडे येतो, कारण बाकी सारा डोलारा याच एका वाक्यावर उभा आहे. कंपनी खरोखरच सवलतीमुळे आली असेल, तर मजकुरातील पुष्कळसे बरोबर ठरते. पण ती तशीही येणार असेल, तर दिलेली प्रत्येक कवडी फुकट गेली. हे ठरवायचे कसे? कंपनी जे सांगते त्यावर विसंबून ठरवता येत नाही, कारण सवलतीशिवाय आम्ही येणार नाही असे म्हणण्यातच तिचे हित असते. अमेरिकेतील अपजॉन या रोजगारविषयक संशोधन संस्थेतील अर्थतज्ज्ञ टिमोथी बार्टिक यांनी २०१८ मध्ये या विषयावरील तीस अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. त्यांचा निष्कर्ष असा की सवलत मिळालेल्या कंपन्यांपैकी फार तर २ ते २५ टक्के कंपन्यांचा निर्णय सवलतीमुळे बदलला असावा. उरलेल्यांपैकी बहुतेकांनी तोच निर्णय विनासवलतही घेतला असता. याचे कारण समजायला अवघड नाही. राज्याचा कर हा कंपनीच्या एकूण खर्चातील लहानसा भाग असतो. कुशल मनुष्यबळ, वाहतूक, वीज, पाणी आणि बाजारपेठेचे अंतर यांचे पारडे त्याहून पुष्कळ जड असते.

ॲमेझॉनचे उदाहरण तर सर्वांसमोर घडले. दुसऱ्या मुख्यालयासाठी कंपनीने २०१७ मध्ये शहरांकडून प्रस्ताव मागवले आणि २३८ प्रस्ताव आले. न्यूयॉर्कने सुमारे ३०० कोटी डॉलरचा लाभ देऊ केला, त्यावर स्थानिक विरोध झाला आणि १४ फेब्रुवारी २०१९ रोजी कंपनीने न्यूयॉर्कमधून माघार घेतली. शहराने हाती आलेले घालवले, असे तेव्हा ठिकठिकाणी लिहिले गेले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ॲमेझॉनने मॅनहॅटनमध्ये दीड हजार कर्मचाऱ्यांसाठी कार्यालयाची जागा भाड्याने घेतली, तीही कोणत्याही विशेष सवलतीविना. न्यूयॉर्कला आधी कबूल केलेल्या पंचवीस हजार नोकऱ्यांची बरोबरी दीड हजारांशी होत नाही, हे खरे. पण सवलत नाही म्हणून कंपनी त्या शहराकडे पाठ फिरवते, हे म्हणणे त्यातून खोटे ठरले. कंपनीला तेथील प्रशिक्षित माणसे हवी होती आणि ती माणसे तेथेच होती.

आपल्या राज्यालाही हा अनुभव आहे. ऑगस्ट २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने फॉक्सकॉनशी ५०० कोटी डॉलरच्या गुंतवणुकीचा सामंजस्य करार केला होता. तो कारखाना आला नाही. २०२२ मध्ये गुजरातला गेलेल्या प्रकल्पातूनही जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉनने अंग काढून घेतले. ज्याच्यासाठी दोन राज्यांत एवढे रण माजले, तो संयुक्त प्रकल्प शेवटी कोणाच्याच पदरात पडला नाही.

शेजारचे राज्य देते म्हणून आपणही द्यावे, या युक्तिवादाचे टोक पाहायचे असेल तर कॅन्सस सिटीला जावे. हे शहर दोन राज्यांत विभागलेले आहे आणि त्यातील स्टेट लाइन रोडची एक कड मिसुरीत, तर दुसरी कॅन्ससमध्ये येते. कॅन्ससच्या सवलतीमुळे एएमसी ही चित्रपटगृहांची कंपनी मिसुरीतून काही मैलांवरच्या लेवूडला गेली. ॲपलबीज या उपाहारगृहांच्या कंपनीचे मुख्यालय उलट दिशेने मिसुरीत आले आणि चार वर्षांनी तेथूनही कॅलिफोर्नियाला निघून गेले. कर्मचारी बहुतांशी तेच, घरे तीच, फक्त सकाळी गाडी वेगळ्या बाजूला वळवायची. या ओढाताणीत दोन्ही राज्यांचे कोट्यवधी डॉलर गेले आणि अखेर शहरातील उद्योजकांनीच ती थांबवण्याचा आग्रह धरला. २०१९ मध्ये मिसुरीने कायदा करून आणि कॅन्ससच्या राज्यपालांनी आदेश काढून परस्परांच्या कंपन्या पळवण्यासाठी सवलत न देण्याचे मान्य केले. म्हणजे द्यावेच लागते असे काही नाही. दोन सरकारांनी ठरवले तर थांबता येते.

राहिला लॉबिंगचा मुद्दा. उद्योगांनी आपले म्हणणे लोकप्रतिनिधींपुढे मांडणे हा त्यांचा हक्क आहे आणि त्याला माझा विरोध नाही. परंतु करसवलतीच्या कायद्यात एखाद्या पोटकलमातील तालुक्याचे नाव किंवा नोकऱ्यांची किमान संख्या बदलली, तरी लाभार्थी बदलतो. त्याचा फायदा एका कंपनीला भरभरून मिळतो आणि भार लाखो करदात्यांवर इतका विखुरतो की त्यासाठी भांडायला कोणी येत नाही. न्यू जर्सीत २०१३ साली झालेल्या सवलत कायद्याबाबत राज्यपालांनी नेमलेल्या कृतिदलाला २०१९ मध्ये असे आढळले की एका विधी कंपनीच्या वकिलाने विधेयकाच्या मसुद्यातच बदल सुचवले होते, ते स्वीकारले गेले आणि त्यांचा लाभ त्याच विधी कंपनीच्या अशिलांना झाला. राज्याच्या हिशेबनीसांनी त्याच वर्षी जानेवारीत दिलेल्या लेखापरीक्षण अहवालात तर मंजूर झालेल्या लाभामागच्या हजारो नोकऱ्यांचा पुरावाच मिळत नसल्याचे म्हटले होते. मसुदा लिहिणारा हात लाभार्थ्याच्या बाजूचा असेल, तर त्याला माहिती पुरवणे म्हणता येत नाही. आपल्याकडेही १९६४ पासून उद्योगांना सवलती देणारी सामूहिक प्रोत्साहन योजना चालू आहे आणि तिच्याखाली पात्र उद्योगांना राज्याच्या जीएसटीचा परतावा मिळतो. कोणत्या कंपनीला किती परतावा मिळाला आणि त्या बदल्यात किती माणसे कामाला लागली, हे दरवर्षी एका तक्त्यात गावागावांतील वाचकाला दिसले पाहिजे. ही मागणी उद्योगविरोधी नाही.

या सगळ्यावर एक उत्तर हमखास येते : माउंट प्लेझंटची जमीन वाया गेली नाही, तेथे आता मायक्रोसॉफ्ट आले आहे. ते खरे आहे. मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये तेथे जमीन घेतली, मे २०२४ मध्ये ३३० कोटी डॉलरच्या डेटा सेंटरची (संगणकीय माहिती साठवणाऱ्या केंद्राची) घोषणा केली आणि कंपनीच्या मालमत्ता करातून नगरीच्या कर्जफेडीला हातभार लागतो. मात्र उभारणी संपल्यावर डेटा सेंटर चालवायला हजारो कामगार लागत नाहीत. आणि विस्कॉन्सिनने २०२३ च्या अर्थसंकल्पातच डेटा सेंटरच्या यंत्रसामग्रीला विक्रीकरातून सूट देणारे नवे कलम घातले आहे.