क्वायट रायट रँडीबरोबर संपला नाही

एक पोस्ट सगळीकडे फिरतेय, की क्वायट रायट हा अमेरिकन हेवी मेटल बँड म्हणजे रँडी ऱ्होड्सचा बँड, तो गायक ओझी ऑस्बोर्नकडे गेला तिथंच विषय संपला, मागच्यांनी त्याच्या नावावर आणि एका उसन्या गाण्यावर पैसा केला आणि आता तर जुनं कुणीच उरलं नाही. रँडी माझाही सगळ्यात लाडका गिटारिस्ट आहे, पण हे वाचून गप्प बसवेना.

आधी नावाचं बघू. रँडी असताना बँडचे दोन अल्बम आले, दोन्ही १९७८ चे आणि दोन्ही फक्त जपानमध्ये, कारण अमेरिकेत एकही मोठी कंपनी त्यांना घेत नव्हती. १९७९ ला रँडी बँड सोडून गेला आणि गायक केविन ड्युब्रोने पुढे बँड चालवला तो चक्क "ड्युब्रो" या नावाने. रँडीच्या जिवावरच जगायचं असतं तर जुनं नाव सोडलं कशाला असतं?

उसनं गाणं म्हणाल तर हो, "कम ऑन फील द नॉइझ" स्लेड या ब्रिटिश बँडचं, १९७३ चं, आणि बँडला ते करायचंही नव्हतं, प्रोड्युसरच्या हट्टापायी केलं आणि ते अमेरिकेत पाचव्या नंबरपर्यंत गेलं. पण एका सिंगलवर अख्खा अल्बम ६० लाख खपत नाही हो. जुनं नाव परत घेतल्यावर आलेला, हे गाणं असलेला "मेटल हेल्थ" नोव्हेंबर १९८३ मध्ये द पोलिस या बँडच्या "सिंक्रोनिसिटी"ला खाली ढकलून बिलबोर्डच्या अमेरिकन अल्बम यादीत पहिला आला, तिथं हेवी मेटलला पहिला नंबर सहसा मिळत नव्हता. टायटल साँग त्यांचं स्वतःचं, आजही लागलं की मान आपोआप हलते. पुढच्याच अल्बमला परत स्लेडचंच गाणं घेतलं ती मात्र चूक होती, तिथं मी भांडणार नाही.

आता "जुनं कुणीच नाही". इथं मला खरंच राग येतो, कारण यात बेसिस्ट रूडी सारझोचं नावच नाही. रूडी १९७८ मध्ये रँडीबरोबर याच बँडमध्ये होता, मग रँडीच्याच शिफारशीवर ओझीकडे गेला, आणि १९ मार्च १९८२ ला फ्लोरिडात विमान कोसळून रँडी वारला तेव्हा रूडी तिथंच जवळ होता. त्यानंतर ड्युब्रोने रँडीसाठीच्या "थंडरबर्ड" या गाण्यावर बेस वाजवायला बोलावलं, रूडी आला, जुन्या दोस्तांमध्ये रमला आणि ओझीसारखी मोठी नोकरी सोडून इकडेच राहिला. असा माणूस मित्राचं नाव विकतो म्हणायचं?

लाइनअप बदलले, खूप बदलले. १९८५ ला रूडी सोडून गेला, बेसवर चक राइट परत आला, १९८७ मध्ये तर ड्युब्रोलाच काढलं आणि गायक म्हणून पॉल शॉर्टिनोला घेतलं, गळा मस्त होता पण तो अल्बम मला क्वायट रायटचा वाटत नाही. नंतर ड्युब्रो परतला, २००७ मध्ये वारला. ड्रमर फ्रँकी बनालीने २०१० मध्ये बँड पुन्हा उभा केला, २०१९ मध्ये कॅन्सर कळल्यावरही जमेल तेव्हा वाजवत राहिला, ऑगस्ट २०२० मध्ये गेला.

आणि २०२१ मध्ये बेसवर परत कोण आलं? रूडी सारझो.