मग देवाला कोणी घडवलं?

नमस्कार. जग आहे म्हणजे त्याचा कर्ता देवही आहे, असं तर्काने सिद्ध करू पाहणाऱ्या उदयनाचार्यांवरचा माझा लेख तुम्ही शेवटपर्यंत वाचलात, हे तुमच्या रागावरूनच कळलं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: हे इंग्रज धर्मशास्त्री पेलीचंच घड्याळ (घड्याळ आहे तर घड्याळजी असणार, तसं जग आहे तर देव असणार), फक्त संस्कृतातलं, प्रत्येक गोष्टीला कर्ता लागतो तर देवाला कोणी घडवलं, आणि आपल्याकडे देवावर शंका घ्यायची सोय होतीच कुठे?

आधी मधला मुद्दा घेतो. 'प्रत्येक गोष्टीला कर्ता लागतो' असं नैयायिक, म्हणजे उदयनांच्या न्यायदर्शनाचे पंडित, म्हणतच नाहीत. जे कधीतरी उत्पन्न झालं त्याला कर्ता असतो, जसा मडक्याला कुंभार, एवढंच त्यांचं म्हणणं. परमाणू आणि आत्मे त्यांच्या लेखी अनादी. ते ईश्वरानेही घडवलेले नाहीत. मग जो उत्पन्नच झाला नाही त्याचा कर्ता विचारून काय उपयोग? पेलीचं म्हणाल तर त्याचं पुस्तक १८०२चं, उदयन त्याच्या सुमारे आठशे वर्षं आधीचे. पेलीचा भर रचनेतल्या कौशल्यावर, यांचा नुसत्या उत्पत्तीवर.

या युक्तिवादावर खरा घाव घातला तो बौद्ध तत्त्वज्ञ धर्मकीर्तीने, तोही उदयनांच्या कितीतरी आधी, सातव्या शतकात. मडकं मातीचं, ते कुंभार करतो. वारूळही मातीचंच. मग तेही कुंभारानेच केलं म्हणायचं का? मडकं पाहून कुंभार आठवतो, कारण मडकी घडताना आपण पाहिलेली असतात. डोंगर घडताना बघायला कोण गेलं होतं? यावर नैयायिकांची एक ठरलेली चाल आहे. न पेरता उगवलेल्या गवताचा कर्ता दाखवा म्हटलं की ते म्हणतात, गवत हाच वादाचा विषय. त्याचाच दाखला आमच्याविरुद्ध कसा देता? नियमाला धरून आहे, पण मला ती पळवाट वाटते. (हो, लेखात मी उदयनांची बाजू मांडली. मांडणं वेगळं, पटणं वेगळं.)

आता शंकेच्या सोयीबद्दल. कुमारिल भट्ट म्हणजे वेदांचं प्रामाण्य राखण्यासाठी बौद्धांशी भांडलेला कट्टर मीमांसक. तोच विचारतो: सृष्टीआधी देवाला शरीर नव्हतं, तर निर्माण करायची इच्छा तरी कशी झाली? करुणेपोटी जग केलं म्हणता, तर तेव्हा करुणा करायला होतं कोण? आणि करुणाच होती तर सगळे सुखीच का नाही केले?

या माणसाला नास्तिक म्हणून कोणी वाळीत टाकलं नाही. त्याच्या 'श्लोकवार्तिक' ग्रंथातला तेवढा भाग वाचून पुन्हा लिहा. पेलीपेक्षा तुमच्या जास्त कामाचा आहे तो.