सगळे मॅच शोधा, फक्त काय सापडलं ते बघू नका

मजकुरातून सगळ्या तारखा, सगळे नंबर, सगळी नावं उपसायची आहेत आणि हाताशी पायथन आहे? मग डॉक्युमेंटेशनच्या वाटेला जाऊ नका. रेगेक्सचा (मजकुरात काय शोधायचं ते चिन्हांत सांगायच्या पद्धतीचा) पॅटर्न कुठूनतरी उचला, चिकटवा, रन करा आणि एरर आली नाही की जेवायला जा. एरर येणारच नाही. चुकीचं उत्तरसुद्धा रेगेक्स तितक्याच अदबीने देतं.

पॅटर्नच्या आधी आर लावून रॉ स्ट्रिंग (बॅकस्लॅश जसाच्या तसा ठेवणारा मजकूर) करायची कटकट टाळाच. मग शब्दाची सीमा दाखवायला लिहिलेलं बॅकस्लॅश-बी पायथन रेगेक्सपर्यंत पोचूच देत नाही. वाटेतच त्याचा बॅकस्पेस होतो आणि मॅच शून्य. डेटाच खराब आहे, असं मेलमध्ये लिहून मोकळे व्हा.

आता फाइंडऑल, म्हणजे सगळे मॅच यादीत देणारं फंक्शन. पॅटर्नमध्ये कंस सढळ हाताने वापरा, छान दिसतात. समजा मजकुरात १२-०३-२०२४ अशी तारीख आहे आणि तुमचा पॅटर्न आहे ([०-९]+-)+[०-९]+ (इथे + म्हणजे एकदा किंवा जास्त वेळा). तारीख अख्खी जुळते, पण यादीत येतं फक्त «०३-». कारण एक कंस दिसला की फाइंडऑल पूर्ण मॅच बाजूला ठेवून कंसातलंच परत करतं, आणि कंसावर + लावलेला असेल तर त्यात फक्त शेवटची फेरी उरते. दोन कंस टाकलेत तर स्ट्रिंगऐवजी टपल (तुकड्यांचे संच) मिळतात आणि रडारड तीन फंक्शनं पुढे जाऊन सुरू होते. कंसाच्या सुरुवातीला ?: लिहिलं की अख्खी तारीख येते. म्हणून ते दोन टिंबांचं चिन्ह पाहिलंच नाही असं दाखवा. फाइंडइटरकडेही फिरकू नका. ते प्रत्येक मॅचचं ऑब्जेक्ट देतं, त्यात पूर्ण मॅच, प्रत्येक गट आणि सुरुवात-शेवटाच्या जागाही असतात. इतकी माहिती हाताशी असली की चूक सापडण्याचा धोका वाढतो.

अवतरणातला मजकूर काढायला ".*" उत्तम (टिंब म्हणजे कुठलंही अक्षर, चांदणी म्हणजे शून्य किंवा जास्त वेळा). «"पुणे" ते "नाशिक"» या ओळीत दोन मॅच हवे होते, मिळेल एकच: पहिल्या अवतरणचिन्हापासून थेट शेवटच्यापर्यंत. चांदणीपुढे प्रश्नचिन्ह टाकलं की दोन मिळतात. "[^"]*" त्याहून बरं, कारण ते स्वतःहून पुढच्या अवतरणचिन्हाशी थांबतं. पण बरं कोणाला हवंय? आणि + ऐवजी * वापरायची सवय ठेवा. [०-९]* हा पॅटर्न «क५» या दोन अक्षरांतून तीन मॅच काढतो, त्यातले दोन रिकामे. मोजणीचा आकडा फुगतो, अहवाल भरघोस दिसतो.

मजकूर मराठी असेल तर तुमचं नशीब फळफळलं. बॅकस्लॅश-डब्ल्यूला (शब्दातलं कुठलंही एक अक्षर) + जोडून फाइंडऑल «मराठी» या शब्दावर सोडा. हाती येतात «मर» आणि «ठ». युनिकोडच्या वर्गवारीत काना आणि वेलांटी ही अक्षरं नसून जोडचिन्हं आहेत, आणि पायथनच्या री मॉड्यूलला (रेगेक्स चालवणाऱ्या अंगभूत भागाला) ती शब्दाचा भाग वाटत नाहीत. याच न्यायाने दोन्ही बाजूंना बॅकस्लॅश-बी लावून «मर» हा सुटा शब्द शोधलात तर तो प्रत्येक «मराठी»त सापडतो. «मराठी» शोधलात तर «मराठी भाषा»मध्ये नाही, पण «मराठीत»मध्ये हमखास सापडतो! रेगेक्स नावाचं वेगळं मॉड्यूल पिपने (पायथनची जादा मॉड्यूल बसवणाऱ्या साधनाने) बसवलं की मात्रा शब्दात मोजल्या जातात. नाहीतर युनिकोडचा ०९०० ते ०९७एफ हा देवनागरी पट्टा चौकटी कंसात देता येतो (त्यात दंड आणि अंकही येतात, तेवढं चाळावं लागतं). दोन्ही उपाय पाच मिनिटांचे, म्हणजे तुमच्या लायकीचे नाहीत.

जावास्क्रिप्टवाल्यांनी जी फ्लॅग (सगळे मॅच शोधा असं सांगणारी खूण) लावलेलं एकच रेगेक्स ग्लोबल ठेवून टेस्ट या फंक्शनसाठी (मॅच आहे का, एवढंच ते सांगतं) पुन्हापुन्हा वापरावं. त्याला लास्टइंडेक्स (मागचा मॅच जिथे संपला ती जागा) लक्षात राहतो, त्यामुळे एकच मॅच असलेल्या त्याच स्ट्रिंगला आधी ट्रू, मग फॉल्स, मग परत ट्रू. फ्लॅग विसरून एक्झेक (एकेक मॅच काढणारं फंक्शन) व्हाइल लूपमध्ये टाकलंत तर तो पहिल्याच मॅचवर अनंतकाळ घुटमळतो.

वेगाचं म्हणाल तर ([०-९]+)+$ असा ($ म्हणजे मजकुराचा शेवट) + वर + चढवा आणि इनपुटला तीस अंक देऊन शेवटी एक अक्षर ठेवा. तेच अंक गटांत किती प्रकारे वाटता येतात हे इंजिन एकेक करून तपासत बसतं आणि दर वाढीव अंकागणिक वेळ साधारण दुप्पट होतो. इतकं उघड करायला लाज वाटत असेल तर २० जुलै २०१६ चं स्टॅक ओव्हरफ्लो (प्रोग्रामरांची प्रश्नोत्तरांची साइट) आठवा. ओळीच्या शेवटच्या मोकळ्या जागा छाटणारा साधा पॅटर्न, आणि एका पोस्टमध्ये सलग सुमारे २०,००० स्पेस, पण ओळीच्या शेवटी नव्हेत, त्यांच्यापुढे आणखी मजकूर होता. पहिल्या स्पेसपासून निघून इंजिन टोकाला आपटलं, मग दुसऱ्यापासून, मग तिसऱ्यापासून. साधारण २० कोटी तपासण्या, आणि साइट ३४ मिनिटं आडवी. तिथे तर + वर + सुद्धा नव्हतं.

वरिष्ठांनी टेस्ट मागितलीच तर लिहा: एक ओळ, एक तारीख, एकच मॅच, सगळं इंग्रजीत.