कोरड्या जिल्ह्यातली गळती

लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं. पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. अशा गावात "माझ्या छतातून पाणी येतंय हो" असं सांगत फिरलो, तर लोक बादल्या घेऊन दारात उभे राहतील. तरी सांगतो.

जुन्या ट्रेलरवर मी एक लाकडी खोली बांधली. आत दोघं झोपतात, शेगडी मावते. बेत नळदुर्गच्या किल्ल्यावर जायचा. तिथं बोरी नदीवरच्या बंधाऱ्याच्या पोटात आदिलशाहीतला पाणी महाल आहे. पावसाळ्यात डोक्यावरून धबधबे कोसळतात आणि आत माणूस कोरडा बसतो. म्हणजे जायचं ते भर पावसातच. १६१३ साली त्यांनी अख्ख्या नदीखाली जे जमवलं, ते मला एका सरीखाली जमवायचं होतं.

प्लायचा तक्ता येतो आठ बाय चारचा, खोली सहा फूट रुंद. छताला जोड आलाच. मिस्त्री म्हणाला, "सातशे दहाचं मरीन प्लाय हाय सर, महिनाभर पान्यात बुडवा." खरं आहे, तक्त्याला काही होत नाही. पण पाऊस तक्त्यातून येतच नाही. तो दोन तक्त्यांच्या मधून येतो, आणि प्लायला असतो तसा ‘आयएस ७१०’ हा मानकाचा नंबर त्या मधल्या जागेला नाही.

मग सल्ले सुरू झाले. एकानं डांबर सांगितलं. ते मे महिन्यात वितळून खिडकीवर काजळासारखं ओघळलं. दुसऱ्यानं मळून लावायची पुट्टी दिली. ती दगडासारखी घट्ट झाली, पण ट्रेलर खड्ड्यात वाकतो आणि दगड वाकत नाही. सिलिकॉनवर रंग बसत नाही, आणि एकदा वाळलं की त्याच्यावर दुसरं सिलिकॉनही नीट धरत नाही. भाऊबंदकी म्हणतात ती हीच.

अण्णांचा उपाय जुना. "खारी माती टाक की दोन पाट्या. पानी लागलं की फुगती अन् फट बुजती. आपलं माळवद कसं टिकलं?" विज्ञान बिनचूक होतं. फक्त माळवदाला, म्हणजे मातीच्या छताला, कुणी गाडीमागं जोडून ओढत नाही. पण जाता जाता ते एक बोलले, "आन् उतार कुठाय रं?" गावोगावच्या भिंतींवर ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ लिहिलेलं असतं, ते साऱ्या जिल्ह्यात फक्त माझ्या छतानं मनावर घेतलं होतं. पाचर घालून एक बाजू उचलली. मधल्या जोडावर फायबरचं कापड रेझिनमध्ये भिजवून चिकटवलं, वरून पांढरा रंग, कारण रेझिनला ऊन खातं. कडांना पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं, फटी बुजवायचं सीलंट.

हे सीलंट रबरासारखं ताणतं, लाकूड सोडत नाही. एकच अट: ते हवेतल्या ओलाव्यावर वाळतं. लातूरच्या मे महिन्यात! हवेतच ओलावा असता तर रेल्वे कशाला लागली असती? वरून साय धरली, आत लोणी तसंच. शेवटी घरातला कूलर बाहेर काढून छताकडं तोंड करून लावला. घरातली माणसं पुठ्ठ्यानं वारा घेत बसली. बायको काही बोलली नाही, आणि ते जास्त गरम होतं.

मग चाचणी. टँकरचं पाणी छतावर ओतायचं म्हणजे दिवसाढवळ्या जमण्यासारखं नव्हतं. रात्री शिडीवर चढून तांब्या ओतला, तर शेजारच्या मावशी गच्चीतून म्हणाल्या, "काय करूलालाव ओ सर? लाकडाला पानी घालूलालाव? पालवी फुटंल मनून?" खाली पातेली लावून अण्णा बसले होते, गळालेलं पाणी ते कडुलिंबाला घालत. थेंब पडायचा उशीवर, शिरायचा मात्र पार दुसऱ्या टोकाच्या स्क्रूजवळून. पाणी तक्त्याच्या खालच्या अंगानं चालत येतं आणि दमलं की पडतं. मग एकेक स्क्रू बुजवत गेलो. हळूहळू कडुलिंबाचं पाणी बंद झालं.

जूनमध्ये पहिला मोठा पाऊस आला. घराच्या स्लॅबनं स्वयंपाकघरात दोन ठिकाणी धार धरली. ट्रेलरमध्ये टिपूस नाही. मी सहलीची पिशवी भरायला घेतली, तोवर अण्णांनी सोयाबीनचं बियाणं आत रचलं होतं आणि बायकोनं पापड-कुरडयांचे डबे. शेजारच्या मावशींची गोधडी कशी आली, ते कळलं नाही.

"नळदुर्गला कधी जायचं?" मी विचारलं.

"पेरनी होऊ दे," अण्णा म्हणाले.

पेरणी झाली. मग खताची पोती आली.