चित्र कुठे लावायचं आणि चित्रात कोण आहे

डिसेंबर २०२४ मध्ये ढाक्याच्या शरणागतीचं चित्र लष्करप्रमुखांच्या कार्यालयातून काढून दिल्लीच्याच माणेकशॉ सेंटरमध्ये लावलं आणि मायदेशी वाद पेटला. हा अपमान की सन्मान, यावर खूप बोललं गेलं. त्या गदारोळात एक साधा प्रश्न क्वचितच कोणी विचारला: १६ डिसेंबर १९७१ च्या त्या मूळ छायाचित्रात नेमके कोण कोण आहेत? बसलेले भारताचे अरोरा आणि पाकिस्तानचे नियाझी सगळ्यांना माहीत. त्यांच्या मागे उभे असलेले व्हाइस अॅडमिरल कृष्णन, एअर मार्शल दिवाण, सगतसिंग, जेकब ही नावंही छापली जातात. पण त्यांच्या पलीकडे जी डोकी दिसतात, त्यांचं काय?

इथे अमेरिकेत हाच प्रश्न ७४ वर्षं धसाला लावला गेला. वॉशिंग्टनला पाहुणे आले की आपण त्यांना आर्लिंग्टनचं, मरीन कोअर या अमेरिकी सैन्यदलाचं ब्राँझचं स्मारक दाखवतो. ते जो रोझेनथाल यांनी दुसऱ्या महायुद्धात, २३ फेब्रुवारी १९४५ ला, जपानच्या इवो जिमा बेटावरच्या सुरिबाची डोंगरावर टिपलेल्या छायाचित्रावरून घडवलेलं आहे. त्यात सहा जण झेंडा उभारताहेत. त्या सहांची म्हणून १९४५ मध्ये जी नावं जाहीर झाली, त्यातली तीन चुकीची निघाली आणि चौथं नाव बरोबर असूनही माणूस भलत्याच जागी दाखवला होता.

चूक घाईतून झाली. रोझेनथाल यांनी नावं टिपून घेतली नव्हती. युद्धकर्ज उभारणीच्या मोहिमेसाठी सरकारला हे चेहरे ताबडतोब हवे होते. तोवर सहापैकी तिघे लढाईत पडले होते आणि नावं ठरली ती मुख्यतः हयात सैनिकांच्या सांगण्यावरून. त्यातच त्या दिवशी डोंगरावर झेंडा दोनदा उभारला गेला होता, आधी लहान आणि मग मोठा. पहिल्या वेळचे लोक दुसऱ्या छायाचित्रात घुसले. झेंडा उभारणाऱ्या सहांपैकी आयरा हेजनी यादीतल्या एका नावाबद्दल ‘तो हॅन्सन नाही, हार्लन ब्लॉक आहे’ असं सांगितलं, पण यादी जाहीर झाली आहे, आता गप्प राहा, असं उत्तर त्यांना मिळालं. १९४६ मध्ये हेज टेक्सासला जाऊन ब्लॉकच्या वडिलांना भेटले आणि १९४७ मध्ये दुरुस्ती झाली.

पुढच्या दोन दुरुस्त्यांच्या मुळाशी हौशी अभ्यासकांची चिकाटी होती. २०१४ मध्ये ओमाहाचे एरिक क्रेल आणि आयर्लंडचे स्टीफन फोली यांनी चेहरे बाजूला ठेवून सामान तपासलं. नौदलाचा वैद्यकीय सहायक जॉन ब्रॅडली म्हणून जो माणूस ओळखला जात होता, त्याच्या पट्ट्याला तारा कापायची पक्कड होती, हेल्मेटखाली टोपी होती आणि पँटचे पाय मोकळे होते. त्याच दिवशीच्या इतर छायाचित्रांत ब्रॅडलीच्या पँटचे पाय दुमडलेले दिसतात, पक्कड कुठेच नाही. ती पक्कड आणि ती टोपी फ्रँकलिन सूझलीची होती. मग आजवर ज्याला सूझली म्हणत होते तो कोण? हेल्मेटच्या आतला पट्टा तुटून डाव्या बाजूला लोंबत होता, तो हॅरोल्ड शुल्ट्झ. मरीन कोअरच्या समितीने २०१६ मध्ये हे मान्य केलं. २०१९ मध्ये त्याच वेळी चित्रीकरण करणाऱ्या बिल जेनॉस्ट यांच्या चित्रफितीतल्या चौकटी तपासताना रेने गॅनियन म्हणून ओळखल्या जाणाऱ्याच्या बोटात लग्नाची अंगठी दिसली. गॅनियन तेव्हा अविवाहित होते. तो हॅरोल्ड केलर निघाला. एफबीआयच्या प्रयोगशाळेनेही पडताळणीत मदत केली.

यातली कामाची पद्धत आपल्याकडे जशीच्या तशी वापरता येते. त्या दिवशीचे, त्या जागेचे मिळतील तेवढे फोटो आधी गोळा करायचे, शक्यतो मूळ निगेटिव्हवरून स्कॅन केलेले. ज्यात नाव निर्विवाद आहे अशा फोटोवरून प्रत्येकाच्या सामानाची यादी करायची: पट्टा, बंदुकीच्या दोरीची जागा, घड्याळ, अंगठी, दुमडलेली बाही. फोटो उलटा छापलेला नाही ना, हे पदकांच्या फितींवरून पाहायचं. त्या डाव्या छातीवरच असतात. मग तो माणूस त्या तारखेला त्या तुकडीत हजर होता का, हे युद्ध-डायरीत, म्हणजे तुकडीच्या रोजच्या नोंदवहीत, तपासायचं. मोबाइलवरच्या अॅपने धूसर चेहरा ‘स्पष्ट’ करायचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा, कारण ते अॅप नसलेले डोळे-नाक कल्पनेने भरतं. आणि सहापैकी पाच ओळखले म्हणून उरलेलं नाव उरलेल्या जागी चिकटवू नये. गफलत नेमकी तिथेच होते.

इथल्या दुरुस्तीत मला सर्वात महत्त्वाची वाटते ती वागण्याची रीत. ब्रॅडली पहिला झेंडा उभारणाऱ्यांत होते, गॅनियन यांनी मोठा झेंडा वर नेला, हे मरीन कोअरने दुरुस्तीसोबतच सांगितलं. नाव बदललं, पण कुणाची किंमत कमी केली नाही. शुल्ट्झ १९९५ मध्ये वारले, केलर १९७९ मध्ये. दोघांनीही जाहीरपणे कधी हक्क सांगितला नव्हता. आपल्याकडे इतिहासातल्या दुरुस्तीला आपण पटकन बदनामी म्हणतो, म्हणून ही रीत आपल्याला हवी.

आपलं काम तर याहून मोठं आहे. महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत पहिल्या महायुद्धाच्या पाट्या आहेत. या गावातून इतके गेले, त्यातले इतके मेले, एवढाच आकडा. नाव एकाचंही नाही. दुसऱ्या महायुद्धात इटलीत मराठा पलटणींनी लढाया मारल्या, यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांच्याबरोबरचे शेकडो जण फोटोंखाली नुसते ‘भारतीय सैनिक’ आहेत. घरात आजोबा-पणजोबांचं पदक असेल तर त्याची कड भिंगाने पाहा. भारतीय सैनिकांच्या पदकांवर बहुधा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. तो क्रमांक आणि सोबत एक खात्रीचा फोटो, एवढ्यावर शोध सुरू होतो.